गवताचा लगदा आणि डोळ्यांचे थेंब

गेल्या डिसेंबरात मावसभावाबरोबर मोशीच्या किसान प्रदर्शनाला गेले होते. त्याची दौंडकडे बागायती शेती आहे. एका स्टॉलवर दोन पुरुष उंचीचं नेपियर, म्हणजे आपलं हत्ती गवत, उभं करून ठेवलं होतं. स्टॉलवरचा पोरगा तोंडाचा गोड. "काका, हिला नुसती वैरण समजू नका. हिच्यापासून कापड होतं, औषध होतं, प्लास्टिकसुद्धा होतं." भावाने पात्यावरून बोट फिरवलं तर बोटावर रक्ताची बारीक रेघ उमटली. ते बोट तोंडात धरूनच त्याने दोन कांड्या विकत घेतल्या.

परतीच्या बसमध्ये मला म्हणाला, "ताई, तू तीस वर्षं केमिस्ट्री शिकवलीस. तो पोरगा खरं बोलत होता का गंडवत होता?"

खरं बोलत होता, पण अर्धंच. उरलेलं अर्धं भावाच्या त्या कापलेल्या बोटात होतं. ते कसं, हे सांगायला थोडं मागून सुरुवात करावी लागेल.

घरातच शोधा

त्या दिवशी घरी आल्यावर मी आईच्या डोळ्यांच्या थेंबांची बाटली भावाच्या हातात दिली. डोळे कोरडे पडतात म्हणून ती दिवसातून चार वेळा घालते. लेबलावर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, कार्बॉक्सिमिथाइलसेल्युलोज, ०.५ टक्के. नाव आगगाडीसारखं लांब आहे म्हणून कारखान्यात सगळे सीएमसी म्हणतात, आपणही तेच म्हणू. हेच सीएमसी टूथपेस्टमध्ये असतं, म्हणून पेस्ट ब्रशवर बसून राहते, ओघळत नाही. पाकिटबंद आइस्क्रीमवर 'स्टॅबिलायझर ४६६' लिहिलेलं असतं, तेही हेच. त्यामुळे आइस्क्रीममध्ये बर्फाचे मोठे खडे धरत नाहीत. मस्तानीत घातलेला गोळा जिभेला रवाळ न लागता मऊ लागतो, त्यात याचाही वाटा असू शकतो.

सीएमसी हे सेल्युलोजचं रूपांतर आहे. आणि सेल्युलोज हा वनस्पतीच्या अंगाचा सांगाडा. १८३८ साली आन्सेल्म पायेन या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने वेगवेगळ्या झाडांच्या उती घेऊन त्या अ‍ॅसिडाने आणि अमोनियाने धुतल्या. मागे उरलेला पांढरा पदार्थ दर वेळी एकच होता. कापूस असो, लाकूड असो, बांबू असो की बांधावरचं गवत, आतला माल तोच. फरक पडतो तो किती आहे आणि कशात रुतून बसलाय याचा. कापसात तो ९० टक्क्यांच्या वर, लाकडात साधारण ४० ते ५० आणि गवतांत बहुधा ३० ते ४० टक्के.

चिक्कीतले शेंगदाणे

लोणावळ्याची शेंगदाण्याची चिक्की डोळ्यांपुढे आणा. दाणे म्हणजे सेल्युलोज. त्यांना घट्ट धरून ठेवणारा गूळ म्हणजे लिग्निन. गवताला ताठ उभं ठेवणारा, वाळल्यावर कडक करणारा चिकट पदार्थ तो हाच. आणि दाण्याला चिकटलेलं लाल फोलपट म्हणजे हेमिसेल्युलोज, सेल्युलोजचा सावत्र भाऊ. दिसायला जवळचा, स्वभावाने ढिला.

आता मला चिक्कीतून अख्खे, पांढरे, स्वच्छ दाणे परत हवेत. चिक्की गरम पाण्यात टाकली की गूळ विरघळतो. कारखान्यात गवताची कुट्टी कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात, कुकरसारख्या बंद भांड्यात दाबाखाली शिजवतात. लिग्निन सुटून पाण्यात जातं आणि मागे राहतो तो लगदा. इथे गवत लाकडाला मागे टाकतं. त्याच्यातलं लिग्निन कमी असतं आणि सोड्याला लवकर दाद देतं, त्यामुळे कमी सोड्यात, कमी वेळात शिजतं.

फोलपट मात्र चिवट. कागद करायचा असेल तर ते राहिलं तरी बिघडत नाही, उलट थोडं असलेलं बरं, कागद घट्ट होतो. पण सेल्युलोजचं रूपांतर करायचं तर ते काढावंच लागतं. त्यासाठी शिजवण्याआधी कुट्टीला नुसत्या पाण्याची किंवा सौम्य अ‍ॅसिडाची कडक वाफ देतात. मग सोडा, मग पांढरं करण्याची धुलाई. इतकं सोसून ९० टक्क्यांहून अधिक शुद्ध सेल्युलोज उरलं, तर त्याला विद्राव्य लगदा म्हणतात. स्टॉलवरच्या पोराच्या बोलण्यात हा शब्द कुठेच नव्हता, आणि सगळी गोम याच शब्दात आहे.

साखरेची माळ पाण्यात विरघळत का नाही

सेल्युलोज म्हणजे ग्लुकोजच्या मण्यांची लांबलचक माळ. पिठातलं स्टार्चही ग्लुकोजचीच माळ. मणी तेच, ओवण्याची पद्धत वेगळी. स्टार्चची माळ वळणं घेत जाते, म्हणून तिच्यात फटी राहतात, तिची खळ होते आणि ती आपल्याला पचते. सेल्युलोजची माळ सरळ ताणलेली, आणि शेजारच्या माळांशी खेटून बसणारी. ते बंध तोडायला लागणारं विकर आपल्या पोटात नाही. गाय-म्हैस कडबा पचवते ती पोटातल्या जंतूंच्या जिवावर.

संध्याकाळी सहाची स्वारगेट-कात्रज बस आठवा. माणसं इतकी खेटून उभी असतात की कंडक्टरलाही आत शिरता येत नाही. सेल्युलोजच्या माळांमध्ये पाण्याची तीच गत होते. गवत पावसात भिजतं, पण विरघळत नाही.

आता समजा, बसमधल्या प्रवाशांच्या पाठीवर सॅक अडकवली. लगेच प्रत्येकाभोवती जागा होईल आणि कंडक्टर वाट काढत जाईल. सेल्युलोजचं रूपांतर करणं म्हणजे इतकंच. ग्लुकोजच्या प्रत्येक मण्याला तीन हुक असतात. आधी कॉस्टिक सोड्याने माळा फुगवून सैल करायच्या. शर्टाच्या लेबलावर 'मर्सराइज्ड कॉटन' लिहितात, त्यातही कापसावर सोड्याचीच प्रक्रिया असते. मग एखादं रसायन घालून हुकांना सॅक लावायची. मोनोक्लोरोअ‍ॅसेटिक अ‍ॅसिड वापरलं की सीएमसी तयार. शंभर मण्यांना साधारण सत्तर-ऐंशी सॅक लागल्या की पूर्वी पाण्याला हटवणारी वस्तू पाण्यात विरघळते आणि पाणी खळीसारखं दाट होतं.

हे बघायचं असेल तर रविवार पेठेत केकचं सामान विकणाऱ्या दुकानात सीएमसी पावडर मागा. साखरेची फुलं करणारे ती वापरतात. मी ग्लासभर पाण्यात अर्धा चमचा एकदम टाकली आणि फजिती झाली. पिठल्यात बेसन गुठळ्या धरतं तशा गुठळ्या झाल्या, बाहेरून बुळबुळीत आणि आत कोरड्या. दुसऱ्या वेळी आधी साखरेत कालवून भुरभुरली आणि तासभर ठेवली. चमचा वर उचलला की धार न तुटता लोंबत होती. अर्ध्या चमच्यात एवढं. वनस्पतीचा सांगाडा आहे हे सांगूनही पटू नये असं.

एकच लगदा, नाना सोंगं

कोणती सॅक लावली त्यावर सोंग ठरतं. मिथाइल आणि हायड्रॉक्सिप्रोपिल गट लावले की एचपीएमसी. वाघोलीपासून हिंजवडीपर्यंत फरशा चिकटवायला जो तयार मसाला गोणीतून येतो, त्यात हे चिमूटभर असतं. फरशीखालचा पातळ थर उन्हात वाळून जाण्याआधी सिमेंटला घट्ट व्हायला पाणी धरून ठेवायचं, हे त्याचं काम. गोळ्यांवरचं आवरण आणि शाकाहारी कॅप्सूलही त्याचीच. त्याची एक खोड गमतीची. आपली खळ गरम असताना पातळ आणि गार झाली की घट्ट. याचं द्रावण उलट तापवल्यावर घट्ट होतं आणि निवलं की पुन्हा पातळ.

कार्बन डायसल्फाइड वापरलं की व्हिस्कोज. तो दाट मधासारखा द्राव बारीक भोकांतून अ‍ॅसिडात सोडला की रेयॉनचा धागा तयार होतो, चपट्या फटीतून सोडला की मिठाईच्या खोक्यावरचा सेलोफेन. व्हिनेगरच्या कुळातलं रसायन लावलं की सेल्युलोज अ‍ॅसिटेट, ज्याच्या चष्म्याच्या फ्रेमी होतात आणि सिगरेटचे फिल्टरही.

आणि नायट्रिक अ‍ॅसिड वापरलं की जे होतं त्याची झळ पुण्याने सोसली आहे. नायट्रोसेल्युलोज म्हणजे बिनधुराची दारू, तोफेतून गोळा उडवायला लागणारी. त्यात देवघरातला कापूर मिसळला की झालं सेल्युलॉइड, आणि जुन्या सिनेमाच्या फिल्मचा पाया याच नायट्रोसेल्युलोजचा. असली फिल्म पेटली तर विझत नाही, कारण जळायला लागणारा प्राणवायू तिच्या अंगातच असतो. पाण्याखालीसुद्धा ती जळत राहते. जानेवारी २००३ मध्ये लॉ कॉलेज रस्त्यावरच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे जुन्या प्रभात स्टुडिओच्या आवारात, साठवलेल्या नायट्रेट फिल्मना आग लागली आणि जुन्या चित्रपटांचा मोठा ठेवा गेला. तिथलं सेल्युलोज गवताचं नव्हतं, पण माळ तीच आणि हुक तेच. एका सॅकने आईच्या डोळ्यांना ओल मिळते, दुसरीने रिळं भडकतात.

आखूड धाग्याचं काय?

कागदवाले गवताकडे नाक मुरडतात, कारण त्याचा धागा आखूड. पुण्यातली हातकागदाची संस्था १९४० पासून सुती चिंध्यांचा कागद करत आली आहे. तो कागद ओढून बघा, सहज फाटत नाही. कापसाचे लांब तंतू एकमेकांत गुंतलेले असतात. लिग्निन जवळपास नसल्यामुळे तो वर्तमानपत्रासारखा पिवळाही पडत नाही. नुसत्या गवताच्या कागदाला ही मजबुती यायची नाही.

पण सीएमसी करताना धागा टिकवायचाच कशाला? तो तर विरघळवून टाकायचाय. पुरणाला डाळ अख्खी लागत नाही, फुटकी चालते. धाग्याची लांबी इथे गौण, आतल्या माळेची लांबी आणि शुद्धता महत्त्वाची. म्हणून माझं मत असं की गवताच्या लगद्याला खरी संधी आहे ती वह्या-पुस्तकांपेक्षा या दाट, चिकट, विरघळणाऱ्या पदार्थांत. कागदात जे त्याचं व्यंग, ते इथे व्यंगच उरत नाही.

त्यातही पायऱ्या आहेत. कपड्यांच्या साबणात, विंधणविहीर खणताना लागणाऱ्या चिखलात किंवा कापडछपाईच्या रंगात वापरायच्या सीएमसीत बरंच मीठ आणि थोडं फोलपट राहिलं तरी निभावतं. खाण्यातल्या सीएमसीला मात्र ९९.५ टक्के शुद्धता लागते, आणि डोळ्यात घालायच्या थेंबांचे नियम तर त्याहून कडक. व्हिस्कोजचंही तसंच, लगद्यात फोलपट राहिलं की धागा काढायची बारीक भोकं तुंबतात. गवताने खालच्या पायरीवर आधी पाय ठेवावा. 'औषध होतं' हे स्टॉलवरचं वाक्य थेट वरच्या पायरीचं आहे.

पात्याची धार

आता भावाचं बोट. गवत मातीतून सिलिका शोषतं, म्हणजे वाळूचाच अवतार, आणि पात्यांच्या पेशींत साठवतं. पात्याच्या कडेला तिचे सूक्ष्म करवती दाते असतात, त्यांनी बोट कापतं. किडीपासून, चरणाऱ्या जनावरांपासून बचाव म्हणून गवताला ते सोयीचं. कारखान्याला मात्र तो दाताखाली आलेला खडा.

कारण असं. शिजवून झाल्यावर लिग्निन आणि वापरलेला सोडा असलेलं काळंकुट्ट पाणी उरतं. लाकडाच्या मोठ्या कारखान्यात ते आटवून बॉयलरमध्ये जाळतात. त्यातून वाफ मिळते आणि राखेतून सोडा परत मिळतो. सगळं गणित या परतीच्या सोड्यावर उभं असतं. गवताच्या काळ्या पाण्यात सिलिकाही विरघळलेली असते. पाणी आटवायला गेलं की ती नळ्यांमध्ये थर धरते, बोअरच्या पाण्याने गीझरच्या कॉइलवर चढतो तसा, फक्त काचेसारखा कडक. पेंढ्यावर चालणाऱ्या छोट्या कागद गिरण्यांना ही सोडा परत मिळवायची यंत्रणा परवडली नाही. ते काळं पाणी नदी-नाल्यांत गेलं. देशात अनेक ठिकाणी हे घडलेलं आहे.

तोडगे आहेत. सिलिका कांडापेक्षा पात्यात जास्त असते, तेव्हा पाती वेगळी काढून गुरांना घालायची आणि कांडंच शिजवायची. काळ्या पाण्याचा आम्लपणा वाढवला की सिलिका खाली बसते, ती गाळून घेता येते. पण प्रत्येक तोडगा म्हणजे एक जादा टाकी, एक जादा पंप आणि लाइटबिल.

नैसर्गिक आहे, मग निरुपद्रवी असणारच ना?

हा प्रश्न मला जिन्यात शेजारणीने विचारला. तिच्या हातात 'बांबूच्या कापडाचे' मोजे होते. बांबूही गवतच. पण ते मऊ मोजे बहुतेक वेळा बांबूच्या लगद्यापासून केलेलं व्हिस्कोज असतात. आतली माळ बांबूची, धागा कारखान्याचा. अमेरिकेत व्यापार आयोगाने रेयॉन 'बांबू' म्हणून विकणाऱ्यांना दंड लावले आहेत. कार्बन डायसल्फाइड हवेत सुटलं तर तिथे काम करणाऱ्यांच्या मज्जातंतूंना बाधते, हे शंभराहून अधिक वर्षं माहीत आहे. लायोसेल नावाची दुसरी पद्धत आहे. तिच्यात सॅक न लावताच एका द्रावकात सेल्युलोज विरघळवतात आणि तो द्रावक जवळपास सगळा परत वापरतात. लेबलावर तो शब्द दिसला तर थोडं बरं समजावं.

सीएमसीतही हिशोब करून बघण्यासारखा आहे. ग्लुकोजच्या मण्याचं वजन १६२ धरा आणि एका सॅकने त्यात ८० ची भर पडते. मण्यामागे ०.७ सॅक म्हणजे ५६. एकूण झाले २१८, त्यातले ५६ गवताचे नाहीत. म्हणजे तीन हिस्से शेत, एक हिस्सा कारखाना.

'मातीत कुजतं' या दाव्याचंही तसंच. मण्यांना सॅक जितक्या जास्त, तितकं ते जंतूंना ओळखू येईनासं होतं. अ‍ॅसिटेटचं सिगरेटचं थोटूक रस्त्याकडेला वर्षानुवर्षं पडून राहतं, जरी त्याचा जन्म लाकडातून झालेला असला तरी.

खाण्याविषयी एकच. सीएमसी पचत नाही, तसंच बाहेर पडतं, म्हणून ते निर्धोक मानलं गेलं. २०१५ साली उंदरांवरच्या एका अभ्यासात मात्र त्याने आतड्यातल्या जंतूंचं गणित बदलून सौम्य सूज आल्याचं दिसलं. त्यावर संशोधन चालू आहे. आइस्क्रीम गवताच्या लगद्यापासून की लाकडाच्या, याने त्यात काही फरक पडत नाही.

झपाट्याने वाढतं, मग संपेल कसं?

संपतं. केरळात मावूरला १९६० च्या दशकात बांबूपासून रेयॉनचा लगदा करणारा कारखाना उभा राहिला. सरकारने जंगलातला बांबू नाममात्र दरात दिला. पुढे बांबू पुरेना, तेव्हा निलगिरीकडे वळावं लागलं. चालियार नदीच्या पाण्यावरून लोकांनी आंदोलनं केली आणि शेवटी कारखाना बंद पडला. कर्नाटकातल्या कागद गिरणीसाठीच्या बांबूचा अभ्यास पुण्याचे पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी केला, त्यातली एक गोष्ट मी वर्गात नेहमी सांगायचे. बेटाच्या बुडाशी काटेरी जाळी असते. वनखात्याचा समज असा की ती साफ केली तर बांबू जोमाने येईल. गावकरी म्हणत होते, काटे काढू नका. निरीक्षणं केली तर गावकरी बरोबर निघाले. काटे गेले की कोवळे कोंब गुरं आणि रानटी जनावरं खात होती.

बांबूची आणखी एक अडचण म्हणजे बियाणं. कित्येक जाती दशकांतून एकदाच फुलतात आणि मरतात. पाषाण रस्त्यावरच्या एनसीएलमध्ये, म्हणजे राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, शास्त्रज्ञांनी परीक्षानळीत वाढवलेल्या बांबूच्या रोपांना काही महिन्यांत फुलं आणली होती. १९९० साली 'नेचर'मध्ये ते छापून आलं तेव्हा आमच्या स्टाफरूममध्ये पेढे वाटले होते, जणू आम्हीच फुलवला होता. आणि २०१७ पासून जंगलाबाहेर लावलेला बांबू कायद्याने झाड राहिलेला नाही, त्यामुळे तोडायला, न्यायला वनखात्याची ती जुनी परवानगी लागत नाही.

उसाचं चिपाड असताना गवत कशाला?

माझ्या मते हा सगळ्यांत टोकदार आक्षेप आहे. ऊसही गवतच. एक टन ऊस गाळला की पावणेतीनशे-तीनशे किलो ओलं चिपाड कारखान्याच्या दारातच गोळा होतं. त्यासाठी वेगळं शेत लागत नाही, वेगळा ट्रक लागत नाही. त्यातला भुसभुशीत गर वेगळा काढावा लागतो, पण ते तंत्र जुनं आहे. अडचण एवढीच की ते बॉयलरमध्ये जाळून कारखाना चालतो आणि उरलेली वीज विकली जाते. चिपाड लगद्याला दिलं तर बॉयलरला काय घालायचं, हा हिशोब प्रत्येक कारखान्याने आपापला मांडायचा.

नेपियरचा हिशोब मी भावाला पाकिटाच्या मागे लिहून दिला. एकरी वर्षाला ४० टन हिरवं धरू. वाळल्यावर ८ टन. त्यातून ३० टक्के विद्राव्य लगदा, म्हणजे २.४ टन. सीएमसी केलं तर साधारण ३.२ टन. आकडा बघून त्याचे डोळे चमकले. मग मी पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. चाळीसातले बत्तीस टन पाणी आहे. ते ट्रकमध्ये घालून कारखान्यापर्यंत न्यायचं भाडं कोण देणार? शेतात वाळवायचं तर पावसाळ्यात कुठे वाळवणार? वैरणीला दीड-दोन महिन्यांचं कोवळं गवत कापतात, लगद्याला जून कांडं हवीत, म्हणजे त्याच रानात एकाच वेळी दोन्ही होणार नाही. आणि पाणी तर देतच राहायचं आहे.

तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "आणि असला लगदा घेणारा कारखाना आमच्याकडून किती लांब?"

स्टॉलवर तो विचारायचा राहिलेला प्रश्न होता. मी त्याला म्हटलं, पोराचं कार्ड असेल तर फोन लाव आणि एवढंच विचार: कांडं घेणार कोण, भाव ओल्या वजनावर का वाळल्या, आणि करार किती वर्षांचा. फोन लागला. पोरगा गोडच बोलला. बेणं किती लागेल ते मात्र लगेच सांगितलं.

दोन्ही कांड्या त्याने विहिरीजवळच्या बांधाला लावल्या आहेत. आता चांगला ठोंब धरलाय. सध्या गिऱ्हाईक म्हणजे दोन म्हशी, आणि कापताना तो हातमोजे घालतो.